खोकण्याच्या वेळा

आमच्या आणि शेजारच्या घराची एक भिंत सामाईक आहे. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या जुन्या बैठ्या घरांचं हे असंच. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होतात त्या इकडे मोजता येतात. शेजारच्या आजींचं विष्णुसहस्रनाम कुठवर आलं यावर माझा सकाळचा चहा ठरायचा. 2020च्या सप्टेंबरात या भिंतीतून पलीकडे जो आवाज जाऊ लागला, तो त्या वर्षी कुणालाच ऐकायचा नव्हता. ह्यांचा खोकला.

साधा ठसका नव्हे. आधी लांब श्वास, मग क्षणभर काहीच नाही, मग पोटापासून ओढून काढलेला खोकला आणि त्यामागून कण्हणं. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाच-सहादा. आणि मध्येमध्ये माझा आवाज, "अजून एकदा. अहो, एकदाच."

ह्यांची बायपास झाली होती, आणि बायपासनंतर खोकावं लागतं. सगळं शहर ज्या आवाजाला घाबरत होतं, तो आवाज आमच्या घरात औषधासारखा वेळेवर काढावा लागत होता. त्या सहा आठवड्यांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

दुखणं सुरू झालं ते गच्चीच्या जिन्यावर. टाळेबंदीत बाहेरचं फिरणं थांबलं म्हणून हे संध्याकाळी गच्चीवर चकरा मारायचे. जूनमध्ये एकदा जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले, कठड्याला धरून. "गॅस झालाय," म्हणाले. मी ओवा दिला. जुलैत पुन्हा तसंच, या वेळी डाव्या जबड्यापर्यंत कळ. मी हिंग चोळलं. आमच्या दोघांच्याही मनात दुसरी शंका आली नव्हती असं नाही. पण दवाखान्यात जायचं कसं? मार्चअखेरपासून इंदूरचं नाव रोज बातम्यांत होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इथले एक डॉक्टरच कोरोनाने गेले. तेव्हापासून दवाखाना म्हणजे जिथून आजार घेऊन यायचं ती जागा, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. "आत्ता नको, जरा निवळू दे," हे वाक्य माझं आहे. ह्यांचं नाही. ते मला अजून टोचतं.

असं करणारे आम्ही एकटे नव्हतो, हे पुढे कळलं. देशातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला. 2020च्या मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकने रुग्णालयात आलेल्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. अटॅक काही कमी झाले नसणार. माणसं घरी ओवा खात बसली असणार.

अनंतचतुर्दशीला, 1 सप्टेंबरला, अँजिओग्राफी झाली. एरवी त्या रात्री इंदुरात पाय ठेवायला जागा नसते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी... गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण त्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात आणि माणसं पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात. हे वीज मंडळात होते, त्यामुळे झांक्यांची रोषणाई हा ह्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. कुठल्या गिरणीने कुठले दिवे कसे फिरवले यावर दोन दिवस बोलायचे. त्या वर्षी काहीच निघालं नाही. मनगटाला पट्टी बांधून आम्ही रात्री रिकाम्या रस्त्यांवरून घरी आलो. राजवाड्यापाशी ह्यांनी काच खाली केली, बाहेर पाहिलं आणि पुन्हा वर केली.

डाव्या मुख्य धमनीतच अडथळा होता, शिवाय आणखी दोन ठिकाणी. सर्जननी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे तीन रेघा काढून दाखवल्या आणि म्हणाले, इथे स्टेंट नको, बायपासच. किती दिवस थांबता येईल, मी विचारलं. "महिने नाही. आठवडा." मग त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. मे महिन्यात लॅन्सेटमध्ये एक पाहणी आली होती, 24 देशांतल्या 1128 रुग्णांची. शस्त्रक्रियेच्या आगेमागे ज्यांना कोरोनाचा संसर्ग होता, त्यांच्यातले 23.8 टक्के महिन्याभरात दगावले होते. "म्हणजे चारात एक," हे हळूच म्हणाले. आकड्यांची सवय. सर्जन म्हणाले, म्हणूनच आठ दिवस घरातल्या घरातसुद्धा जपायचं, घशाचा नमुना निगेटिव्ह हवा, छातीचा सीटी स्वच्छ हवा, तरच टेबलावर घेईन.

ते आठ दिवस मी कसे काढले! कामवाली बंद, पेपर बंद. दुधाची पिशवी साबणाने धुवायची. जेवताना मी स्वयंपाकघरात, हे बाहेरच्या खोलीत. मुलगा पुण्याहून निघतो म्हणाला, त्यालाही नको म्हटलं. रक्तदाते मिळेनात, कारण रक्त द्यायला दवाखान्यात जायला लोक घाबरत होते. ज्याचा पेपर आम्ही बंद केला होता तो मुलगा फाटकाशी येऊन म्हणाला, "आंटी, मेरा भी बी पॉझिटिव्ह है." त्याचं हे मी जन्मभर विसरणार नाही.

ग्वाल्हेरहून वन्संचा फोन आला. "पितृपक्षात कसलं ऑपरेशन करताय? पंधरा दिवस थांबा." त्या रागावून बोलत नव्हत्या, भेदरल्या होत्या. माझे सासरे 1978 साली छातीत कळ येऊन गेले, 54व्या वर्षी, अंगणात. वन्सं तेव्हा कॉलेजात होत्या आणि वडिलांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. भारतातली पहिली बायपास त्याच्या तीनच वर्षं आधी, 1975 साली, मद्रासला पेरांबूरच्या रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली होती. इंदूरच्या एका अंगणापर्यंत ती पोहोचायला अजून बराच अवकाश होता. हे फोनवर बहिणीला म्हणाले, "ताई, बाबांना हे मिळालं नाही. मला मिळतंय." वन्सं काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच पुन्हा फोन करून विचारलं, डबा कोण देणार?

10 सप्टेंबर, गुरुवार. त्याच आठवड्यात देशात दिवसाला 97 हजारांच्या घरात नवे रुग्ण सापडत होते. मला आत सोडलं नाही. फाटकापर्यंत मी, पुढे चाकाच्या खुर्चीवर हे, पाठमोरे. वळून हात करता आला असता, पण खुर्ची ढकलणाऱ्याची घाई होती. मी सकाळी सातपासून दुपारी अडीचपर्यंत आवारातल्या एका गुलमोहराखाली बसले होते. थर्मासमधला चहा तसाच राहिला.

आत काय होतं, ते मी आधी समजून घेतलं होतं. न कळता बसणं मला जमलं नसतं. छातीचं मधलं हाड उभं कापतात. पायाची एक शीर काढून घेतात आणि छातीच्या आतल्या बाजूची एक धमनी सोडवून हृदयाच्या पुढच्या धमनीला जोडतात. पायाच्या शिरेने वळसा घालायची रीत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने 1967 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला रुजवली. बऱ्याच ठिकाणी धडधडत्या हृदयावरच टाके घालतात. ह्यांचं हृदय मात्र पोटॅशियमच्या द्रावाने थांबवलं होतं, आणि तेवढा वेळ रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरत होतं. फुप्फुसांनाही तेवढा वेळ काम नसतं, ती मिटून बसतात. तेव्हा मी ही ओळ वाचून पुढे गेले. सगळं पुढचं प्रकरण त्याच ओळीत होतं.

संध्याकाळी अतिदक्षता विभागातल्या सिस्टरने प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या फोनवरून ह्यांना दाखवलं. तोंडात नळी, डोळे मिटलेले. पिशवीमुळे सगळं धुरकट दिसत होतं. "ठीक आहेत, सकाळी नळी काढू," ती म्हणाली. मी फोन कपाळाला लावला.

चौथ्या दिवशी माझा नमुना निगेटिव्ह आला आणि मला वॉर्डात घेतलं, घरी सोडेपर्यंत बाहेर पडायचं नाही या अटीवर. मी पहिल्यांदा आत शिरले तेव्हा पांढऱ्या पोशाखातली एक व्यक्ती ह्यांच्या छातीवर दुमडलेली चादर दाबून मोठ्याने म्हणत होती, "काका, खोका! घाबरू नका, खोका!" नखशिखांत झाकलेली, कोण कुठलं हे पाठीवर मार्करने लिहिलेल्या नावावरूनच कळायचं. देवासची मराठी मुलगी होती, फिजिओथेरपिस्ट. मी दारातच थांबले. सहा महिने आम्ही काय शिकलो होतो? कुणी खोकलं की मागे व्हायचं. बसमध्ये, रांगेत, देवळाबाहेर. आणि ही मुलगी खोकणाऱ्या माणसाच्या तोंडापासून हातभर अंतरावर उभी राहून आणखी खोक म्हणत होती.

तिने मला समजावलं. फुप्फुसं मिटून बसली होती, त्यांच्या तळाशी कफ साचतो. हाड कापलेलं, त्यामुळे दुखतं. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. वरवर घेतला की तळ उघडत नाही आणि तिथेच न्यूमोनिया होतो. एरवी न्यूमोनियाही परवडत नाही, या वर्षी तर मुळीच नाही. म्हणून उशी छातीशी घट्ट धरायची, कापलेलं हाड हलू द्यायचं नाही, आणि पोटापासून खोकायचं. "काकू, घरी गेल्यावर हे तुम्हाला करून घ्यायचंय," ती म्हणाली. "काका टाळतील. सगळेच टाळतात."

17 तारखेला, सर्वपित्री अमावस्येला, घरी सोडलं. पोचल्या पोचल्या मी वरणभाताचं पान मांडून गच्चीवर ठेवलं. ह्यांनी खालूनच हात जोडले.

बरोबर तीन गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र दिलं होतं. तोंडातल्या नळीने हवा आत ओढायची, की एकेक गोळी वर उचलते: 600, 900, 1200. पहिल्या दिवशी एकच गोळी उचलली, तीही थरथरत. ह्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले, वीज मंडळात लोडचे आखायचे तसे. तारीख, वेळ, गोळ्या, खोकला. मी सावरीच्या कापसाची एक छोटी उशी शिवली, तांबड्या चौकड्यांच्या अभ्र्याची. वितीपेक्षा थोडी मोठी, बरोबर टाक्यांवर बसेल एवढी.

तिसऱ्या रात्रीचं सांगते. नऊची वेळ. कफ घशाशी येऊन अडकला होता, श्वासाबरोबर घुरघुर ऐकू येत होती, आणि हे खोकेनात. उशी धरून नुसते बसले होते. "उसवेल सगळं," म्हणाले. कपाळावर घाम. हाड तारांनी बांधलेलं असतं, तारा पोलादी असतात, त्या जन्मभर आतच राहतात, हे सगळं मला पाठ होतं, पण त्या क्षणी ते सांगून काय उपयोग? मी पलंगावर चढून ह्यांच्या मागे बसले, दोन्ही बाजूंनी हात घालून उशीवर ह्यांच्या हातांवर हात दाबले आणि पाठीला छाती लावली. म्हटलं, आता माझ्या बरोबर श्वास घ्या. पाठीतून ह्यांचं हृदय लागत होतं. लग्नाला 34 वर्षं झाली होती, पण ते असं कधी हाताखाली लागलं नव्हतं. तीन श्वास झाले. चौथ्याला खोकला आला, सगळं अंग पिळवटून, आणि कफाचा घट्ट पिवळा गोळा बाहेर पडला. घुरघुर थांबली. हे रडत होते. मी उठले नाही.

भिंतीपलीकडचा दिवा लागला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर संदेश आला. बी लाइनीत कुणीतरी सतत खोकतंय, कळवायला हवं. नाव नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाला पिशवी फाटकाबाहेर ठेवून न थांबता जाऊ लागला. समोरच्या घराची आमच्याकडची खिडकी बंद झाली. कुणाचा दोष काढावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही खिडकी लावली असती. पण मी घरोघर जाऊन सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही. दमले होते, आणि मलाही खात्री नव्हती. दर खोकल्याला मनात यायचंच, हा तो तर नसेल? चौदाव्या दिवशी ह्यांना 100.2 ताप आला. पुन्हा नमुना. अहवाल यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी स्वयंपाकघरात उभी राहून पोळ्या खाल्ल्या, बसले की हातपाय गळायचे. निगेटिव्ह आला. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी थोडं पाणी होतं. बायपासनंतर होतं तसं, औषधाने जाईल म्हणाले, आणि गेलं.

त्याच सुमारास सर्वेक्षणाच्या दोघीजणी दारात आल्या, अंगणवाडीतल्या. एकीच्या हातात ऑक्सिमीटर, दुसरीच्या हातात रजिस्टर. ह्यांच्या बोटाला चिमटा लावला. 97. ह्यांनी शर्टाची वरची बटणं काढून दाखवलं. गळ्याखालून सरळ उतरत गेलेली ती रेघ पाहून मोठी बाई क्षणभर गप्प झाली. मग तिने उशी उचलून ह्यांच्या हातात दिली. "खाँसिए अंकल जी, आराम से. मैं खड़ी हूँ." तिच्या वडिलांचंही झालं होतं. जाताना ती फाटकात उभी राहिली आणि चार घरांना जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोरोना नहीं है इनको. दिल का ऑपरेशन हुआ है. इनको खाँसना पड़ता है, दवाई है वो इनकी."

मला जे पंधरा दिवस सुचलं नव्हतं ते तिने दोन वाक्यांत केलं. त्याच संध्याकाळी मी पुठ्ठ्यावर लिहून फाटकाला बांधलं: "बायपास झाली आहे. खोकण्याच्या वेळा: सकाळी 6.30, 11, संध्याकाळी 5, रात्री 9." खाली तेच हिंदीत.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला हे उशी धरून बसले. एक. दोन. तीन. चार. दुखलं, थांबले. मी काही म्हणायच्या आत भिंतीपलीकडून आजींचा आवाज आला, "चारच झाले! पाचवा राहिला!"

हे थक्क होऊन भिंतीकडे बघत राहिले. मग पाचवा खोकला काढला. पलीकडून, "हं."

त्यानंतर आजी रोज मोजायच्या. त्यांचं विष्णुसहस्रनाम साडेसहाला मध्येच थांबायचं, आमचं झालं की पुढे चालू. ऐंशी उलटलेली बाई, सहा महिने उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. मला वाटतं त्यांनाही त्या वेळेची वाट असायची. एकदा हे अकराच्या वेळेला झोपून राहिले तर त्यांनी भिंतीवर उलथनं वाजवलं. अधिकमास होता. आजींनी अनारसे केले आणि दोन आमच्या कट्ट्यावर ठेवून दार वाजवून निघून गेल्या. समोरची खिडकी कधी उघडली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला, ह्यांनी तिन्ही गोळ्या वर उचलून तीनपर्यंत मोजेतो धरून ठेवल्या. संध्याकाळी आजींना सोनं द्यायला स्वतः गेले, मास्क लावून, दारातूनच. "आता खोकत नाही तुम्ही," आजी म्हणाल्या. "आता गरज नाही, आजी." "बरं झालं," म्हणाल्या, आणि आपट्याचं पान पदरात बांधलं.

पुढचं लिहायला जड जातं. 2021च्या एप्रिलमध्ये शेजारच्या घरात तिघं आजारी पडले. साठीच्या वरच्यांची लस 1 मार्चला सुरू झाली तेव्हा ह्यांनी पहिल्याच आठवड्यात घेतली होती. आजींना मुलाने थांबवलं होतं, या वयात ताप झेपणार नाही म्हणून. भीती त्याचीही खरीच होती, माझ्या ओव्यासारखी. आम्ही डबे कट्ट्यावर ठेवायचो. रात्री भिंतीशी बसून ऐकायचो. मुलगा आणि सून खूप खोकत होते. हे इकडून ओरडून सांगायचे, "पालथं झोपा! उशी पोटाखाली घ्या!" आजींचा खोकला ऐकू येत नव्हता. त्या खोकत नाहीत म्हणून आम्हाला बरं वाटत होतं.

त्या आजारात ऑक्सिजन गुपचूप उतरतो, म्हाताऱ्या माणसांचा तर फारच. धाप नाही, खोकला नाही, माणूस नुसता झोपाळल्यासारखा दिसतो. चौथ्या दिवशी मुलाने बोटाला चिमटा लावला तेव्हा 81 होता. खाट मिळायला सगळी रात्र गेली. ह्यांनी फोन करकरून जुन्या ओळखी काढल्या, पहाटे एक मिळाली. आजी पाच दिवस होत्या तिथे.

परवा कपाट आवरताना ती डायरी सापडली. तारीख, वेळ, गोळ्या, खोकला. 3 ऑक्टोबरपासून ह्यांनी आणखी एक बारीक रकाना आखलाय, हे मला ठाऊकच नव्हतं. त्याच्या डोक्यावर नुसता "आ" लिहिलाय. ह्यांच्या चाराच्या पुढे तिथे पाच आहे. दोनदा ह्यांनी पाच लिहिलेत आणि तिथे चार आहे. त्या दोन्ही दिवशी स्वतःचा पाच खोडून चार केलाय.

डायरी मी पुन्हा होती तिथे ठेवली. उशी अजून पलंगावरच असते. शिंक आली की ह्यांचा हात आधी तिच्याकडे जातो.